कायटोसान आणि जनुकांची पेशीपर्यंत वाहतूक: नैसर्गिक पॉलिमरांकडून काय अपेक्षा ठेवावी?

रेणुवेध (धागाकर्ता):

जनुकीय उपचारांवरील मराठी लेखनात कोणते जनुक बिघडले आणि त्याच्या जागी कोणते द्यायचे, याविषयी पुष्कळ वाचायला मिळते. ते जनुक पेशीच्या आत न्यायचे कसे, हा प्रश्न मात्र एखाद्या वाक्यात उरकला जातो. या शास्त्राची गेल्या तीस-पस्तीस वर्षांची वाटचाल पाहिली तर बरेचसे यशापयश याच प्रश्नावर ठरलेले दिसते. म्हणून हा धागा केवळ वाहतुकीसाठी काढत आहे, आणि त्यातही नैसर्गिक पॉलिमरांसाठी, विशेषतः कायटोसानसाठी.

अडचण कोठे आहे ते आधी मांडतो. डीएनएच्या साखळीत प्रत्येक न्यूक्लिओटाइडमागे एक फॉस्फेट गट असतो आणि त्यावर ऋण प्रभार असतो. पेशीपटलाचा बाहेरचा पृष्ठभागही ऋणप्रभारित असल्यामुळे उघडा डीएनए पेशीच्या जवळ टिकत नाही. शिवाय तो आकाराने फार मोठा असतो. प्रयोगशाळेत नेहमी वापरले जाणारे ५,००० बेस-जोड्यांचे प्लाझ्मिड (डीएनएचा लहान वर्तुळाकार रेणू) सरळ ताणले तर त्याची लांबी सुमारे १.७ मायक्रोमीटर भरते आणि त्याचा रेणुभार ३२ लाख डाल्टनच्या घरात जातो. रक्तात आणि ऊतींमध्ये डीएनए तोडणारी न्यूक्लिएझ विकरे असतात, ती वेगळीच. म्हणजे वाहकाला डीएनए आवळून लहान करायचा, त्याचा ऋण प्रभार झाकायचा, विकरांपासून त्याला वाचवायचे आणि शेवटी योग्य जागी सोडूनही द्यायचे, अशी चार कामे एकाच वेळी करावी लागतात.

विषाणू ही चारही कामे करतात, म्हणून संशोधकांनी आधी त्यांचाच आधार घेतला. १७ सप्टेंबर १९९९ रोजी पेनसिल्व्हेनिया विद्यापीठातील चाचणीत ॲडिनोव्हायरस-वाहक दिलेला १८ वर्षांचा जेसी गेल्सिंगर प्रतिकारसंस्थेच्या तीव्र प्रतिक्रियेमुळे मरण पावला, आणि संपूर्ण क्षेत्राला थांबून विचार करावा लागला. पुढे विषाणू-वाहक अधिक सुरक्षित झाले. डोळ्याच्या एका आनुवंशिक विकारावरील लक्सटर्ना या उपचाराला अमेरिकेत २०१७ साली मान्यता मिळाली. तरीही त्यात वापरलेल्या एएव्ही विषाणूत साधारण ४.७ हजार न्यूक्लिओटाइडांपेक्षा मोठा मजकूर मावत नाही, आणि एकदा दिल्यावर शरीरात त्याविरुद्ध प्रतिपिंडे तयार होत असल्याने पुन्हा मात्रा देणे कठीण होते. विषाणूविरहित वाहकांची गरज त्यामुळे आजही आहे.

आता कायटोसानकडे वळतो. कोळंबी, खेकडे आणि कीटक यांच्या कवचांत, तसेच बुरशीच्या पेशीभित्तिकेत कायटिन असते. फ्रान्समधील आंरी ब्राकोनो यांनी १८११ साली ते अळंब्यांतून वेगळे केले. शार्ल रूजे यांनी १८५९ साली कायटिन तीव्र अल्कलीत उकळले, तेव्हा त्यातील ॲसिटिल गट निघून गेले आणि सौम्य आम्लात विरघळणारा पदार्थ मिळाला. त्याला कायटोसान हे नाव १८९४ साली होप-झायलर यांनी दिले. ॲसिटिल गट निघाल्यावर साखळीतील ग्लुकोसामाइन घटकांवर मोकळे अमिनो गट उरतात, आणि आम्लधर्मी द्रावणात ते प्रोटॉन घेऊन धनप्रभारित होतात. असा कायटोसान डीएनएच्या द्रावणात मिसळला की दोघे एकमेकांना आवळतात आणि साधारण १०० ते २५० नॅनोमीटर व्यासाचे कण आपोआप तयार होतात. त्यासाठी तीव्र द्रावक लागत नाही, उष्णता लागत नाही, ही मला फार मोलाची गोष्ट वाटते.

मम्पर आणि सहकाऱ्यांनी कायटोसानचा जनुक-वाहक म्हणून विचार १९९५ साली मांडला. चारच वर्षांनी जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठातील काम लिऑंग यांच्या गटाने शेंगदाण्यातील एका ॲलर्जीकारक प्रथिनाचे जनुक कायटोसान-कणांत बांधून उंदरांना तोंडावाटे दिले. त्या उंदरांच्या आतड्यात प्रतिपिंडे तयार झाली आणि शेंगदाण्याच्या प्रथिनाला येणारी ॲलर्जीची तीव्र प्रतिक्रिया त्यांच्यात सौम्य झाली. तोंडावाटे दिलेले जनुक काम करते, ही त्या काळी मोठीच गोष्ट होती.

त्यानंतर या विषयावर विपुल संशोधन प्रसिद्ध झाले, परंतु कायटोसानमध्ये बांधलेले जनुक रुग्णालयात नेहमीचे औषध म्हणून दिले जाते, असे चित्र उभे राहिले नाही. दरम्यान मेदकणांनी, म्हणजे मेदाच्या अतिसूक्ष्म वाहक-कणांनी, मुसंडी मारली. मेदकणांत बांधलेल्या आरएनएचे पॅटिसिरान हे औषध २०१८ साली मान्य झाले आणि त्यानंतर आलेल्या कोविड लशी सर्वांना ठाऊक आहेत. कायटोसान मागे का राहिला आणि त्याचे खरे स्थान कोठे आहे, याविषयी जाणकारांनी लिहावे. माझे मत असे की त्याला चुकीच्या शर्यतीत उतरवले गेले. रक्तावाटे सर्व शरीरभर फिरण्यासाठी तो घडलेला नाही. पण यावर इतरांचे ऐकायला आवडेल.

प्रयोगवही:

उत्तम विषय. कायटोसान हे एकाच पदार्थाचे नाव आहे असे गृहीत धरले जाते, आणि परस्परविरोधी निष्कर्षांचे मूळ माझ्या मते तेथेच आहे. साखळीची लांबी, म्हणजे रेणुभार, आणि ॲसिटिल गट किती टक्के काढले गेले आहेत, या दोन गोष्टी बदलल्या की पदार्थाचे वर्तन पूर्णपणे बदलते. १० किलोडाल्टनचा कायटोसान आणि ४०० किलोडाल्टनचा कायटोसान यांना केवळ बाटलीवरील नाव सारखे आहे म्हणून एका पंक्तीत बसवता येत नाही.

तिसरी गोष्ट म्हणजे एन-पी गुणोत्तर: पॉलिमरवरील अमाइनचे नायट्रोजन आणि डीएनएवरील फॉस्फरस यांचे प्रमाण. नव्याने काम सुरू करणारे विद्यार्थी येथे अडतात, म्हणून हिशेब मांडून दाखवतो. एका न्यूक्लिओटाइडचे सरासरी वस्तुमान ३३० डाल्टन धरले तर १ मायक्रोग्रॅम डीएनएमध्ये सुमारे ३ नॅनोमोल फॉस्फेट असतात. गुणोत्तर ५ हवे असेल तर १५ नॅनोमोल अमाइन लागतील. कायटोसानमधील ८५ टक्के घटक ग्लुकोसामाइन (१६१ डाल्टन) आणि १५ टक्के अजून ॲसिटिलयुक्त (२०३ डाल्टन) असतील, तर एका घटकाचे सरासरी वस्तुमान १६७ च्या आसपास येते. पण अमाइन केवळ ८५ टक्के घटकांवर असल्याने एका अमाइनमागे सुमारे १९७ डाल्टन धरावे लागतात. म्हणजे १ मायक्रोग्रॅम डीएनएला जवळपास ३ मायक्रोग्रॅम कायटोसान लागेल. जे प्रबंध केवळ वजनाचे प्रमाण देतात आणि ॲसिटिल गटांची टक्केवारी देत नाहीत, त्यांची दुसऱ्या प्रयोगशाळेत पडताळणी करणे अशक्य होते, आणि असे प्रबंध दुर्दैवाने पुष्कळ आहेत.

आता मूळ प्रश्नाकडे येतो. सरपणाची मोळी सैल बांधली तर वाटेत सुटते, आणि फार करकचून बांधली तर घरी पोहोचल्यावर गाठ सुटत नाही. कायटोसानची अडचण अगदी हीच आहे. लांब साखळी आणि जवळजवळ सर्व अमाइन मोकळे असतील तर कण भक्कम होतात, विकरांपासून डीएनए सुरक्षित राहतो, पण पेशीच्या आत गेल्यावर डीएनए सुटत नाही आणि जनुक वाचले जात नाही. साखळी फार आखूड असेल तर कण पेशीपर्यंत पोहोचण्याआधीच विस्कटतात. माँट्रियालच्या लाव्हेर्तू आणि बुशमान यांच्या गटाने २००६ साली रेणुभार, ॲसिटिल गटांचे प्रमाण आणि एन-पी गुणोत्तर यांच्या अनेक जोड्या पद्धतशीरपणे तपासल्या. त्यांच्या सर्वोत्तम मिश्रणांपैकी एकात ९२ टक्के ॲसिटिल गट काढलेला, १० किलोडाल्टनचा कायटोसान ५ या गुणोत्तराने वापरला होता, आणि संवर्धित पेशींमध्ये त्याचे यश बाजारात मिळणाऱ्या मेद-वाहकांच्या तोडीचे होते. तोवर पुष्कळ जण याहून कितीतरी लांब साखळ्या घेऊन काम करत होते. कायटोसान दुबळा वाहक आहे हा समज काही अंशी या निवडीतून निर्माण झाला, असे मला वाटते.

रेणुवेध:

हिशेबासह लिहिल्याबद्दल मनःपूर्वक आभार. पीएचचा मुद्दा येथेच जोडतो, कारण मागे राहण्याचे दुसरे कारण त्यात आहे. कायटोसानच्या अमिनो गटांचा पीकेए (ज्या पीएचला निम्मे गट प्रभारित असतात तो आकडा) ६.५ च्या आसपास असतो. त्यावरून साधे गणित केले तर ५.५ पीएचला ९० टक्क्यांहून अधिक अमाइन प्रभारित असतात, ६.५ ला निम्मे, आणि रक्ताच्या ७.४ पीएचला जेमतेम ११ टक्के. (डीएनएच्या सान्निध्यात हे आकडे थोडे वर सरकतात, पण दिशा तीच राहते.) म्हणजे प्रयोगशाळेतील आम्लधर्मी द्रावणात भक्कम दिसणारा कण रक्तात गेला की त्याचा प्रभार गळून पडतो, कण एकमेकांना चिकटून गोळे होतात आणि रक्तातील प्रथिने त्यांच्यावर बसतात. अशा गोळ्यांना यकृत व प्लीहेतील भक्षक पेशी तातडीने उचलून घेतात.

यावर उपाय म्हणून अमाइनवर मिथिल गट जोडून ट्रायमिथिल कायटोसान तयार केला जातो, ज्याचा धन प्रभार पीएचवर अवलंबून राहत नाही. परंतु कायमचा धन प्रभार पेशीपटलाला इजा करतो, आणि ज्या सौम्यतेसाठी आपण कायटोसानकडे आलो ती काही प्रमाणात गमावली जाते. दुसरा मार्ग पृष्ठभागावर पीईजी (पॉलिइथिलीन ग्लायकॉल) या प्रभाररहित पॉलिमरच्या साखळ्या बसवण्याचा आहे. त्याने गोळे होणे थांबते, पण पेशीशी होणारा संपर्कही कमी होतो.

खाडीपल्याड:

मी मत्स्यशेतीशी संबंधित आहे, वैद्यकाशी नाही, तरी एक बाजू मांडतो. आपण सर्वांनी माणसाच्या रक्ताचा विचार केला, पण कायटोसान आणि डीएनए यांचा मेळ माशांमध्ये आधीच घालून पाहिलेला आहे. तमिळनाडूतील मेलविशारम येथील सी. अब्दुल हकीम महाविद्यालयातील संशोधकांनी २००८ साली आशियाई सी-बास, म्हणजे आपला रायगडकरांचा जिताडा, यावर काम प्रसिद्ध केले. व्हिब्रिओ जातीच्या एका रोगकारक जिवाणूच्या बाह्यपटलातील प्रथिनाचे जनुक कायटोसान-कणांत बांधून ते खाद्यातून माशांना दिले गेले. माशांच्या ऊतींमध्ये ते जनुक व्यक्त झाल्याचे दिसले आणि जिवाणूंचा मुद्दाम संसर्ग केल्यावर मध्यम प्रमाणात संरक्षण मिळाले.

मध्यम संरक्षण हे ऐकायला फारसे आकर्षक नाही, हे मान्य आहे. परंतु तळ्यावर काम करणाऱ्या माणसाच्या दृष्टीने पाहावे. खारेपाटातील तळ्यात बोटभर आकाराची हजारो पिल्ले सोडलेली असतात. प्रत्येक माशाला पकडून सुई टोचणे व्यवहारात जमत नाही, आणि पकडण्याच्या ताणानेच कित्येक मासे दगावतात. खाद्यातून देता येणारी लस थोडी कमी प्रभावी असली तरी ती प्रत्यक्षात दिली जाऊ शकते, आणि हा फरक फार मोठा आहे.

कोळंबीची गोष्ट त्याहून वेगळी आहे. पांढऱ्या ठिपक्यांच्या विषाणुजन्य रोगाने १९९० च्या दशकाच्या मध्यापासून भारतीय कोळंबी-शेतीचे अतोनात नुकसान केले. कोळंबीला आपल्यासारखी प्रतिपिंडे तयार करता येत नाहीत, त्यामुळे नेहमीच्या अर्थाची लस तिला लागू पडत नाही. याच महाविद्यालयाच्या गटाने विषाणूच्या व्हीपी२८ या आवरण-प्रथिनाशी जुळणारा दुहेरी धाग्याचा आरएनए जिवाणूंकडून तयार करून घेतला आणि तो खाद्यातून कोळंबीला दिला. असा आरएनए पेशीत गेला की त्याच क्रमाचा संदेशवाहक आरएनए नष्ट केला जातो आणि विषाणूला आपले प्रथिन बनवता येत नाही. कायटोसानमध्ये बांधून दिलेल्या आरएनएचाही त्यात समावेश होता. कोळंबीच्या कवचातून काढलेला पदार्थ कोळंबीलाच रोगापासून वाचवण्याच्या कामी यावा, याचे मला मनापासून समाधान वाटते.

एक शंका मात्र आहे. जठराच्या आम्लात हे कण टिकतात कसे? रेणुवेध यांच्या गणिताप्रमाणे आम्लात कायटोसानचा प्रभार वाढतो, म्हणजे बंध घट्ट व्हायला हवेत. पण आम्लातच तो विरघळतोही.

प्रयोगवही:

शंका अगदी योग्य आहे. आम्लात कायटोसान प्रभारित राहतो, त्यामुळे डीएनएशी त्याचा बंध सहसा सुटत नाही; पण साखळ्या एकमेकींना दूर ढकलतात आणि कण फुगतो. त्यातच २ पीएचच्या आसपास डीएनएचे स्वतःचे बेस प्रोटॉन घेऊ लागतात आणि त्यातील प्युरीन गळून साखळी तुटू लागते. म्हणून तोंडावाटे द्यायच्या कणांना अनेकदा आणखी एक आवरण देतात. आपल्या समुद्री शेवाळातून मिळणारे अल्जिनेट त्यासाठी सोयीचे आहे, कारण ते ऋणप्रभारित असल्याने कायटोसानवर सहज बसते, आम्लात आकसते आणि आतड्याच्या तटस्थ पीएचला फुगून मोकळे होते. दुसरा प्रचलित मार्ग म्हणजे ट्रायपॉलिफॉस्फेटने कण बांधून घेणे. ती पद्धत स्पेनमधील सांतियागो द कॉम्पोस्तेला येथील मारिया होजे अलोन्सो यांच्या गटाने १९९७ साली प्रसिद्ध केली आणि आज ती सर्वत्र वापरली जाते.

कोळंबीच्या बाबतीत जठर आपल्यासारखे तीव्र आम्लधर्मी नसते, त्यामुळे तेथे अडचण विकरांची अधिक आणि आम्लाची कमी आहे.

कीटकांवरील एक प्रयोगही आपल्याला आवडेल. कॅन्सस राज्य विद्यापीठातील संशोधकांनी २०१० साली मलेरिया पसरवणाऱ्या ॲनोफिलिस डासाच्या अळ्यांना कायटोसान आणि दुहेरी धाग्याचा आरएनए यांचे कण खाऊ घातले, आणि त्या आरएनएने डासाचे कायटिन तयार करणारे जनुकच मंद केले.

निदानवाचक:

मी रुग्णालयात काम करणारी डॉक्टर आहे आणि मला चर्चेतील एका गृहीतकाविषयी बोलायचे आहे. नैसर्गिक, म्हणून शरीराला मानवणारा, असा सूर अनेक लेखांत असतो. रुग्णाच्या बाजूने पाहता पदार्थ कोठून आला यापेक्षा त्यात काय उरले आहे हे महत्त्वाचे ठरते. कोळंबीच्या ॲलर्जीचे मुख्य कारण ट्रोपोमायोसिन हे स्नायूंतील प्रथिन आहे. कवच नीट शुद्ध केले तर ते कायटोसानमध्ये राहू नये, पण राहू नये आणि राहत नाही यांत शुद्धीकरणाची प्रत्येक खेप तपासण्याइतके अंतर आहे. त्याहून मोठा धोका एंडोटॉक्सिनचा, म्हणजे जिवाणूंच्या पटलातून येणाऱ्या अंशाचा आहे. तो ऋणप्रभारित असल्याने कायटोसानला चिकटून बसतो आणि रक्तात गेला तर तीव्र ज्वर व रक्तदाब खालावणे असे परिणाम होऊ शकतात.

दुसरे असे की शुद्ध कायटोसानही प्रतिकारसंस्थेच्या दृष्टीने निष्क्रिय नाही. डब्लिनच्या ट्रिनिटी महाविद्यालयातील संशोधकांनी २०१६ साली दाखवले की कायटोसान पेशींतील सीजीएएस-स्टिंग हा धोकासूचक मार्ग जागा करतो आणि त्यातून इंटरफेरॉन तयार होते. लशीसाठी हा गुण फारच उपयुक्त आहे, कारण वाहक स्वतःच प्रतिसाद वाढवतो. परंतु जन्मजात विकार असलेल्या मुलाला जे प्रथिन आयुष्यभर हवे आहे त्याचे जनुक द्यायचे असेल, तर त्याच वेळी प्रतिकारसंस्था चेतवणे आपल्याला परवडणारे नाही. लस आणि जनुक-पूर्ती या दोन वेगळ्या गरजा आहेत आणि एका वाहकाची दोन्हींसाठी एकत्र चर्चा करू नये, असे मला आग्रहाने सांगावेसे वाटते.

रेणुवेध:

आपला आग्रह पूर्णपणे मान्य आहे, आणि धाग्याच्या सुरुवातीला मी मांडलेल्या मताला त्यातून बळच मिळते. कृत्रिम पॉलिइथिलीनइमाइनशी तुलना करताना कायटोसान सौम्य आहे हे पेशी-संवर्धनात वारंवार दिसले आहे. पॉलिइथिलीनइमाइनही १९९५ सालीच ज्यां-पॉल बेर यांच्या फ्रेंच गटाने पुढे आणला आणि डीएनए पेशीत नेण्यात तो फार प्रभावी आहे, पण जास्त मात्रेत पेशी मारतो. मात्र एखाद्यापेक्षा सौम्य असणे आणि निर्धोक असणे यांत गल्लत होऊ नये. कोळंबीच्या ॲलर्जीचा आणि खेपेनुसार बदलणाऱ्या गुणवत्तेचा प्रश्न लक्षात घेऊन आता अस्परजिलस नायजर या बुरशीपासून मिळवलेला कायटोसानही उपलब्ध आहे. त्यात साखळ्या तुलनेने आखूड असतात, जे प्रयोगवही यांच्या मुद्द्याप्रमाणे आपल्या कामाला सोयीचेच आहे.

माणसांवरील वापराविषयी सांगायचे तर सर्वांत पुढे गेलेले उदाहरण मूत्राशयाच्या कर्करोगाचे आहे. माँट्रियालमध्ये सुरू झालेल्या एनजीन या कंपनीने आखूड साखळीच्या कायटोसानवर दोन प्रकारचे गट जोडून वाहक तयार केला आहे. त्यात बांधलेले प्लाझ्मिड इंटरल्यूकिन-१२ हे प्रथिन आणि प्रतिकारसंस्थेला चेतवणारे आरएनए तयार करवते. हे औषध नळीवाटे थेट मूत्राशयात सोडले जाते आणि स्नायूच्या थरापर्यंत न पोहोचलेल्या कर्करोगाच्या रुग्णांवर त्याची चाचणी झालेली आहे. निवड किती विचारपूर्वक केलेली आहे पाहा: औषध रक्तात जाण्याची गरज नाही, ते काही काळ एकाच पोकळीत राहते, कायटोसानचा श्लेष्मल आवरणाला चिकटण्याचा गुण कामी येतो, आणि प्रतिकारसंस्था चेतवली जाणे येथे हवेच आहे. निदानवाचक यांनी ज्याला लशीची गरज म्हटले तिच्याच जवळची ही गरज आहे. कायटोसानच्या उणिवा येथे आड येत नाहीत, आणि माझ्या समजुतीप्रमाणे त्याचे भविष्य अशाच जागांमध्ये आहे: मूत्राशय, नाक, फुप्फुसे, आतडे, डोळ्याचा पृष्ठभाग.

सूक्ष्मतंतू:

चर्चा वाचतो आहे. कायटोसान हाच एक नैसर्गिक वाहक आहे असा समज होऊ नये म्हणून थोडी भर घालतो. शुक्रपेशींत डीएनए अतिशय घट्ट बसवण्याचे काम निसर्गाने प्रोटामिन या, आर्जिनिन नावाच्या धनप्रभारित अमिनो आम्लाने भरलेल्या, लहान प्रथिनावर सोपवले आहे. ज्या फ्रीडरिख मीशर यांनी डीएनए पहिल्यांदा वेगळा केला, त्यांनीच १८७४ साली सामन माशाच्या शुक्रपेशींतून प्रोटामिनही मिळवले. हृदय-शस्त्रक्रियेनंतर हेपॅरिन या रक्त गोठू न देणाऱ्या औषधाचा परिणाम उलटवण्यासाठी ते दशकानुदशके वापरले जात आहे, म्हणजे त्याचे गुणदोष डॉक्टरांना चांगले ठाऊक आहेत. जर्मनीतील क्युअरव्हॅक कंपनीने प्रोटामिनमध्ये बांधलेल्या संदेशवाहक आरएनएची रेबीजविरोधी लस माणसांवर तपासली आणि तिचे निष्कर्ष २०१७ साली प्रसिद्ध झाले. प्रतिपिंडे तयार झाली, पण सुई न वापरता दाबाने औषध सोडणारे उपकरण वापरले तेव्हाच ती समाधानकारक पातळीला पोहोचली. पुढे त्या कंपनीनेही मेदकण स्वीकारले. प्रोटामिनचीही अडचण शेवटी प्रयोगवही यांनी सांगितलेलीच: बंध फार घट्ट, सुटका कठीण.

डेक्स्ट्रान या साखरेच्या पॉलिमरवर डीईएई हे धनप्रभारित गट जोडून तयार केलेला पदार्थ तर १९६० च्या दशकापासून पेशींत न्यूक्लिक आम्ले नेण्यासाठी वापरला जात आहे. जनुकीय उपचार ही कल्पना प्रत्यक्षात येण्याच्या कितीतरी आधीपासून.

खाडीपल्याड:

सर्वांचे प्रतिसाद वाचून एक प्रश्न उरतो. कण पेशीत गेला, एंडोसोममधून (पेशी बाहेरचा कण ज्या पिशवीत आत घेते तिच्यातून) सुटला, डीएनए मोकळाही झाला. मग तो केंद्रकात जातो कसा? आणि आरएनए वापरला तर हा टप्पा टळतो ना?

रेणुवेध:

होय, आरएनएचा हा फार मोठा लाभ आहे, कारण त्याचे काम केंद्रकाबाहेर पेशीद्रव्यातच होते. डीएनएला मात्र केंद्रकाच्या छिद्रांतून जावे लागते, आणि साधारण ४० किलोडाल्टनपेक्षा मोठे रेणू त्यांतून आपोआप जात नाहीत. आपले प्लाझ्मिड त्याच्या कितीतरी पट मोठे आहे. ज्या पेशींचे विभाजन होत असते त्यांत केंद्रकाचे आवरण काही काळ विरते आणि तेव्हा डीएनएला आत शिरण्याची संधी मिळते. म्हणून वेगाने वाढणाऱ्या संवर्धित पेशींत उत्तम यश मिळते आणि स्नायू किंवा चेतापेशी यांसारख्या विभाजन न पावणाऱ्या पेशींत तेच मिश्रण निष्प्रभ ठरते. कोणताही प्रबंध वाचताना पेशी कोणत्या होत्या हे आधी पाहावे, असे मी विद्यार्थ्यांना नेहमी सांगतो.

एंडोसोममधील सुटकेविषयी मात्र सावधपणे बोलायला हवे. पॉलिइथिलीनइमाइन आत येणारे प्रोटॉन शोषून घेतो, त्यामुळे क्लोराइड आणि पाणी आत खेचले जाऊन एंडोसोम फुटतो, असा बेर यांच्या गटाचा सिद्धांत आहे आणि त्यावरही वाद आहे. कायटोसानची ही क्षमता कमी मानली जाते, पण लायसोझाइमसारखी विकरे त्याच्या साखळ्यांचे ॲसिटिलयुक्त भाग हळूहळू तोडतात आणि त्या तुकड्यांमुळेही आतील दाब वाढू शकतो. म्हणजे थोडे ॲसिटिल गट मागे ठेवणे हा दोष नसून पॉलिमरच्या विघटनाचे ते साधन आहे, हे शंभर टक्के शुद्धतेच्या मागे लागणाऱ्यांनी ध्यानात घ्यावे.

निदानवाचक:

साठवणुकीविषयी कोणी लिहावे. पुण्याच्या जेनोव्हाच्या कोविड लशीला २०२२ साली मान्यता मिळाली तेव्हा, ती आरएनएची असूनही २ ते ८ अंशांना साठवता येते, ही तिची मोठी जमेची बाजू होती. ग्रामीण रुग्णालयाच्या दृष्टीने उणे ७० अंशांची अट म्हणजे ते औषध नसल्यातच जमा.

प्रयोगवही:

जेनोव्हाचा वाहक मेदाधारित आहे, तो कायटोसानचा नाही. पण तिथे कामी आलेला गोठवून सुकवण्याचा उपाय येथेही लागू पडतो. पाण्यातील कायटोसान-कण काही दिवसांत एकमेकांना चिकटू लागतात. सुक्रोज किंवा ट्रेहॅलोज पुरेशा प्रमाणात मिसळून सुकवले तर पुन्हा पाणी घातल्यावर कणांचा आकार बराचसा टिकून राहतो. साखर न घालता सुकवलेले कण मात्र पुन्हा नीट विखुरत नाहीत.

खाडीपल्याड यांना एक विनंती. कोकण किनाऱ्यावरील प्रक्रिया-केंद्रांतून कोळंबीची कवचे मोठ्या प्रमाणावर निघतात आणि त्यांतून कायटोसान करण्याची चर्चा आपल्याकडे वारंवार होते. सौम्य हायड्रोक्लोरिक आम्लाने चुना काढणे, सौम्य कॉस्टिक सोड्याने प्रथिने काढणे आणि मग ४० ते ५० टक्के तीव्रतेच्या कॉस्टिक सोड्यात तापवणे, ही पद्धत कोचीच्या केंद्रीय मत्स्य तंत्रज्ञान संस्थेने आपल्या देशात पुष्कळ पूर्वीच विकसित केलेली आहे. शेतीसाठी आणि पाणी शुद्ध करण्यासाठी तेवढ्याने भागते. जनुक-वाहकासाठी मात्र त्यापुढे साखळ्या नायट्रस आम्लाने मोजून तोडणे, रेणुभाराची व ॲसिटिल गटांची प्रत्येक खेपेची नोंद ठेवणे आणि एंडोटॉक्सिन काढणे, ही तीन कामे आहेत. आपल्या परिचयात असे केंद्र चालवणारे कोणी असतील तर एका हंगामाची, एकाच जातीच्या कोळंबीची कवचे वेगळी ठेवता येतील का, हे त्यांना विचारावे. कच्चा माल एकसारखा असेल तर पुढची तिन्ही कामे सोपी होतात.

खाडीपल्याड:

विचारतो. कोळंबीची जात वेगळी ठेवणे आमच्याकडे अवघड नाही, कारण संवर्धनातील वनामी आणि समुद्रातून येणारा माल मुळातच वेगवेगळ्या रांगांत सोलला जातो. एंडोटॉक्सिनच्या बाबतीत मात्र कवचे सोलल्यापासून किती वेळात बर्फावर किंवा आम्लात जायला हवीत, ते आपण कळवावे. आमच्याकडे उन्हाळ्यात ती बराच वेळ उघड्यावर पडून राहतात.

प्रयोगवही:

जितक्या लवकर तितके उत्तम, आणि उघड्यावर अजिबात नकोत. कवचांवर उरलेल्या मांसात जिवाणू वाढू लागले की एंडोटॉक्सिन तर वाढतेच, शिवाय त्यांची विकरे कायटिनच्या साखळ्याही अनियमितपणे तोडतात, आणि मग रेणुभार आपल्या हातात राहत नाही. सोलण्याच्या टेबलाखालीच बर्फाचे पिंप ठेवून त्याच दिवशी आम्लात घालता आली तर नमुना माझ्याकडे पाठवावा. रेणुभार आणि ॲसिटिल गटांचे प्रमाण मोजून आकडे याच धाग्यावर देईन.